बसण्याजोग्या सामानाची मीमांसा : राधानगरी तालुक्याच्या संदर्भात

सामान ही वाहून नेण्याची वस्तू आणि माणूस हा ती वाहून नेणारा प्राणी, ही श्रमविभागणी प्रवासाच्या इतिहासात दीर्घकाळ निर्विवाद मानली गेली. ती उलटी करण्याचे श्रेय विजेवर चालणाऱ्या त्या सूटकेसला द्यावे लागते, जिच्यावर तिचा मालक पाय फाकवून बसतो आणि जी त्याला विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवरून ताशी दहा ते तेरा किलोमीटर वेगाने पुढे नेते. या वस्तूला येथे सोयीसाठी ‘स्वारीबॅग’ म्हटले आहे. तिची रचना फारशी गूढ नाही : कडक कवचाची लहान पेटी, तळाशी मोटर बसवलेले चाक, काढता-घालता येणारी लिथियम-आयन बॅटरी, आणि वर ओढून काढायचा एक दांडा, जो चालताना सामान ओढण्यासाठी आणि बसल्यावर दिशा देण्यासाठी उपयोगी पडतो. हिला ‘स्मार्ट’ म्हणतात ते ती मोबाइलशी जोडलेली असते आणि आपला ठावठिकाणा मालकाला कळवू शकते म्हणून. म्हणजे सामान हरवल्यास ते नेमके कोठे हरवले आहे हे नकाशावर पाहता येते, तेथून ते आणायला मात्र पूर्वीप्रमाणेच स्वतः जावे लागते.

या वस्तूचा अभ्यास मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर करणे सोपे आहे, कारण तेथे ती चालते. परंतु कोणत्याही यंत्राचा खरा स्वभाव ते जेथे चालत नाही तेथेच अधिक स्पष्ट होतो, या पद्धतिशास्त्रीय भूमिकेतून प्रस्तुत विवेचनासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुका निवडला आहे.

चाक आणि पेटी या दोन्ही गोष्टी हजारो वर्षे अस्तित्वात असूनही त्यांची सोयरीक जुळायला विलक्षण उशीर झाला. अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचे पेटंट मिळाले ते १९७२ साली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन परत आल्यानंतर, आणि त्यातही ती सूटकेस पट्ट्याने ओढावी लागे व वळणावर आडवी होई. पुढे १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने ती उभी केली आणि तिला लांब दांडा दिला. या उशिराचे एक कारण असे सांगितले जाते की, सामान उचलणे हे पुरुषत्वाचे लक्षण आणि ओढणे हे दुबळेपणाचे, अशी समजूत तेव्हाच्या अमेरिकी दुकानदारांत रूढ होती. दुसरे कारण, जे भारतीय वाचकास अधिक पटावे, ते असे की जेथे हमाल उपलब्ध आहे तेथे चाकाची कल्पना सुचण्याचे काही कारण नसते. महाराष्ट्राला सूटकेस नवी नाही, कारण व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोन्ही कंपन्यांनी नाशिक जिल्ह्यात कारखाने घातले आहेत. तरीही चाके असलेली सूटकेस डोक्यावर घेऊन चाललेला गृहस्थ एस.टी.च्या कोणत्याही स्थानकावर दिसतो, आणि त्याचे कारण त्याला चाके दिसली नाहीत हे नसून त्याला स्थानकाचे आवार दिसले आहे, हे असते.

चाकाला मोटर जोडण्याची पुढची पायरी एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत प्रथम ओलांडली गेली असे समजण्याचे कारण नाही. चीनच्या हुनान प्रांतातील ‘हे लियांगचाय’ नावाच्या शेतकऱ्याने सुमारे दहा वर्षे खटपट करून सात किलोच्या आसपास वजनाची, बसून चालवण्याची सूटकेस तयार केली आणि २०१४ साली तिच्यावर बसून चांगशा शहरातून फेरी मारली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. शेतकऱ्याने यंत्राला यंत्र जोडून तिसरेच काही निर्माण करावे, यात कोल्हापूर जिल्ह्याला आश्चर्य वाटू नये. येथे इंजिन आहे आणि चाकेही आहेत, पण दोन्ही एकाच कंपनीची नाहीत, अशी वाहने बांधावर उभी असतात आणि ती चालतातही.

आता प्रवासाकडे वळता येईल. स्वारीबॅग घेऊन विमानाने येणारा राधानगरीकर कोल्हापूरला उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणार, जेथील नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. परंतु तेथे पोहोचण्याआधीच त्याला एका अंकगणिताला सामोरे जावे लागते. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा साधारणपणे सात किलोंची असते, आणि बाजारातील बहुतेक स्वारीबॅगांचे रिकामे वजन नऊ-दहा किलो भरते, म्हणजे आत एकही रुमाल न ठेवता ही बॅग मर्यादेचा भंग करते. ती विमानाच्या पोटात द्यावी, तर तेथील सर्वसाधारण मर्यादा पंधरा किलोंची असल्यामुळे दोन-तृतीयांश भाग बॅग स्वतःसाठी राखून ठेवते आणि मालकाच्या कपड्यांना उरलेल्या भागात भागवून घ्यावे लागते. शिवाय लिथियम बॅटरी पेट घेण्याचा धोका असल्याने ती काढून मालकाने स्वतःजवळ ठेवावी, असा नियम आहे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार शंभर वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते आणि शंभर ते एकशे साठच्या दरम्यान असल्यास विमान कंपनीची परवानगी लागते. (वॅट-अवर म्हणजे एक वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी ऊर्जा.) ज्यांची बॅटरी काढता येत नव्हती अशा स्मार्ट बॅगा अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी १५ जानेवारी २०१८ पासून नाकारल्या, आणि त्या धंद्यातील ब्लूस्मार्ट ही कंपनी त्याच वर्षी बंद पडली. तात्पर्य असे की विमानप्रवासात या बॅगेचे दोन तुकडे होतात, शरीर खाली जाते व प्राण वर मालकाच्या खिशात राहतो, आणि उतरल्यावर दोहोंची गाठ घालून देणे हे मालकाचे पहिले कर्तव्य ठरते.

टर्मिनलच्या दारापर्यंतचा प्रवास अर्थातच दिमाखदार होतो. त्यापुढे राधानगरी पन्नास-साठ किलोमीटर उरते, आणि पूर्ण चार्ज केलेली स्वारीबॅग सपाट रस्त्यावर दहा किलोमीटरच्या आतबाहेर जाते, म्हणजे फार तर कोल्हापुरातील रंकाळा तलावापर्यंत. तेथे ती पुन्हा चार्ज होईपर्यंत भेळ खाण्यास पुरेसा, किंबहुना दोनदा खाण्यास पुरेसा वेळ मिळतो. पुढचा प्रश्न चाकाच्या आकाराचा आहे. अक्षापाशी आडवा जोर लावून कोणतेही चाक आपल्या त्रिज्येइतक्या, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराइतक्या, उंचीचा अडथळा चढू शकत नाही, हा यंत्रशास्त्राचा साधा नियम आहे. बैलगाडीचे चाक छातीएवढे का असते याचे उत्तर त्यात आहे. स्वारीबॅगेच्या चाकाचा व्यासच मुळी काही इंचांचा असतो, आणि हळदी, परितेमार्गे जाणाऱ्या रस्त्यावरील गतिरोधक हे ज्या त्या गावाने आपापल्या स्वाभिमानाच्या उंचीचे बांधलेले असतात. गळीत हंगामात भोगावती साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेले उसाचे ट्रॅक्टर याच रस्त्यावर असतात, आणि त्यांच्या चालकाच्या नजरेच्या पातळीपासून स्वारीबॅगेवरील मनुष्य इतका खाली असतो की त्याचे अस्तित्व हा केवळ तात्त्विक प्रश्न राहतो. रस्त्याच्या कडेला बॅग हातात धरून उभ्या राहिलेल्या या मनुष्याला “पावणं, बॅग पंक्चर झालीया काय?” असे आस्थेने विचारले जाईल, चाके भरीव आहेत, त्यात हवाच नसते, हे त्याने समजावून सांगितल्यावर “मग तरीच थांबलीया,” असे निदानही मिळेल.

चढाचा हिशेब याहून निर्दय आहे. बॅग, बसणारा आणि आतील ऐवज मिळून शंभर किलो धरले, तर हे वजन शंभर मीटर उंच नेण्यासाठी सुमारे सत्तावीस वॅट-अवर ऊर्जा लागते, आणि त्यात घर्षण, वारा व खड्डे यांचा खर्च धरलेला नाही. प्रचलित नमुन्यांपैकी एकाची बॅटरी त्र्याहत्तर वॅट-अवरची असते. म्हणजे निसर्गाने सर्व प्रकारचे सहकार्य केले तरी ती पावणेतीनशे मीटरच्या आतच दम टाकणार, आणि कोकणातून या तालुक्यातील दाजीपूरकडे चढणारा फोंडा घाट त्याहून उंच आहे. घाटात बंद पडलेली मोटार ढकलायला दहा माणसे धावतात, ही या भागाची रीत आहे. परंतु बंद पडलेली सूटकेस ढकलण्यासाठी मदत कशी मागावी, याचे शब्द भाषेत अद्याप रुळलेले नाहीत. ती सरळ उचलावी लागते, आणि मग माणूस सामान वाहतो की वाहन वाहतो, हा भेद उरत नाही.

कायद्यालाही ही वस्तू नीट ओळखता आलेली नाही. जपानमध्ये तिला मोटर बसवलेली सायकल समजण्यात येते. ओसाका येथे पदपथावरून ती विनापरवाना चालवल्याबद्दल २०२४ साली एका महिलेवर पोलिसांनी कारवाई केली, आणि काही विमानतळांनी इमारतीत तिच्यावर बसू नये अशी विनंती प्रवाशांना केली, म्हणजे जेथे ती चालते तेथेही ती चालवू देत नाहीत. भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अडीचशे वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विद्युत वाहनाला मोटार वाहन न मानण्याची सवलत आहे, त्यामुळे नोंदणी व परवाना लागत नाही. परंतु ही सवलत दुचाकीसाठी असून तिच्यासाठी अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते, व अशा संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात आहे. स्वारीबॅगेला चाके तीन किंवा चार असतात. कपडे भरलेल्या पेटीची चाके मोजून ती पुण्याला चाचणीसाठी पाठवावी काय, आणि पाठवताना कपडे आत ठेवावेत काय, यावर नियम मौन पाळतात.

एस.टी.चा वाहक मात्र मौन पाळत नाही. रेल्वेचा रूळ कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसपाशी संपत असल्याने राधानगरीकडे जाणाऱ्याला अखेरीस एस.टी.चाच आश्रय घ्यावा लागतो, आणि तेथे वर्गीकरणाचा खरा तज्ज्ञ भेटतो. “ही गाडी म्हणायची का बॅग?” हा त्याचा प्रश्न वरवर साधा असला तरी जपानी पोलीस आणि भारतीय नियमकर्ते यांना जे जमले नाही ते त्यात नेमकेपणाने मांडलेले असते, आणि मालकाने ‘दोन्ही’ असे उत्तर दिल्यास त्याने लगेजचे तिकीट फाडून हा प्रश्न निकालात काढावा, हे प्रशासकीय दृष्ट्या अगदी सयुक्तिक आहे.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. सामानावर बसण्याची कल्पना परदेशातून आली असा जो समज स्वारीबॅगेच्या जाहिरातींमुळे होतो, तो निराधार आहे. पत्र्याची ट्रंक, तांदळाचे पोते, वळकटी आणि हिरव्या कॅनव्हासचा होल्डॉल यांवर बसूनच महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी गाड्यांची वाट पाहिली, आणि गर्दीच्या एस.टी.त दोन बाकड्यांमधल्या वाटेत पोते आडवे टाकून त्यावर बसून घाट पार केले. त्या सामानाला मोटर नव्हती, पण ज्या एस.टी.त ते होते तिला होती, त्यामुळे सामानावर बसून प्रवास झाला हे विधान तांत्रिक दृष्ट्या खरेच ठरते. सामानाने मालकाचे प्रतिनिधित्व करणे हाही येथला जुना प्रघात आहे : खिडकीतून आत टाकलेला रुमाल किंवा बाजाराची पिशवी बाकड्यावर जी जागा धरते, तिचा मालकी हक्क गाडीतील सर्व प्रवासी, कुरकुरत का होईना, मान्य करतात, आणि रुमालाला ही शक्ती कोणत्याही बॅटरीशिवाय लाभलेली असते.

यापेक्षाही प्रगत व्यवस्था डब्याची. कोल्हापुरात शिकणाऱ्या मुलासाठी गावातून सकाळच्या एस.टी.ने डबा पाठवण्याची पद्धत या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आईने फडक्यात बांधलेला डबा चालकाच्या बाजूला ठेवला जाई, तो मालकाशिवाय एकटाच प्रवास करी, स्थानकावर मुलगा त्याला न्यायला येई, आणि संध्याकाळी रिकामा डबा त्याच मार्गाने घरी परते. मालकाच्या मागोमाग आपणहून येणारी सूटकेस ही काही उत्पादकांनी अलीकडची मोठी मजल म्हणून मांडली आहे. मालकाच्या आधी पोहोचून त्याची वाट पाहणारे आणि वर भाकरी गरम ठेवणारे सामान त्यांच्या विचारात अजून आलेले दिसत नाही. ठावठिकाणा कळवण्याची सोयही डब्याला होती, फक्त उपग्रहाच्या जागी वाहक होता, आणि डबा चुकून फोंड्याला गेल्यास तो नुसता नकाशावर दिसत नसे, तर परतीच्या गाडीने येई.

स्वारीबॅगेची सर्वांत गंभीर अडचण रस्त्याची किंवा कायद्याचीही नाही, ती पाहुणचाराची आहे. पाहुणा स्थानकावर उतरला की त्याच्या हातातील पिशवी ओढून घेणे हा यजमानाचा हक्क असतो. “द्या हिकडं,” असे यजमानाने म्हणायचे, “राहू द्या, जड न्हाई,” असे पाहुण्याने म्हणायचे, मग काही पावले दोघांनी एकाच पिशवीचे दोन बंद धरून चालायचे, आणि शेवटी पाहुण्याने हरायचे, हा क्रम ठरलेला आहे. पाहुणाच जर सामानावर बसून आला, तर यजमानाने नेमके काय ओढून घ्यावे? त्याने दांडा धरला तर पाहुण्यासकट सामान ओढावे लागते, आणि काहीच धरले नाही तर रिकाम्या हातांनी पाहुण्याच्या शेजारून धावत यावे लागते, जे दृश्य चौकातील लोक पुढे दीर्घकाळ विसरत नाहीत. पाहुणा नऊ-दहा किलोंच्या बॅगेत पाच किलो कपडे घेऊन आला होता हे उघड झाल्यावर तर यजमानाच्या घरातील वडीलधारी मंडळी, “मग उरल्यालं काय आणलं म्हनायचं?” असे विचारल्याशिवाय राहणार नाहीत, आणि परतताना घनसाळ तांदूळ व काजू कोठे भरायचे, ही चिंता त्यांना लागून राहील ती वेगळीच.

‘स्वयंचलित’ म्हणजे काय, याविषयी राधानगरीच्या कल्पना मुळातच उंच आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावाने वसवलेल्या या गावापाशी भोगावती नदीवर धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले, आणि पुढे पूर्ण झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, जे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि पातळी उतरली की आपणहून मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला तितके घनफूट, पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात ‘तिसरा दरवाजा उघडला’ ही बातमी आली की खाली कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगा एकोणचाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे व त्रेचाळीस फुटांच्या धोका पातळीकडे किती सरकली, याकडे साऱ्यांचे लक्ष लागते. या दरवाजांना मोबाइलशी जोडावे लागत नाही, त्यांचा पासवर्ड कोणी विसरत नाही, आणि मुसळधार पाऊस हेच त्यांचे इंधन असल्याने पावसात भिजवू नये अशी सूचनाही त्यांच्यासोबत आलेली नाही. याच धरणाचे दुरुस्तीसाठी उचललेले एक सेवाद्वार डिसेंबर २०२१ मध्ये उघडेच अडकून बसले होते, हे खरे. पण ते सेवाद्वार होते, स्वयंचलितांपैकी नव्हते, असा खुलासा तालुक्यातील कोणताही नागरिक न विचारता करतो. अशा नागरिकासमोर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याचे शिंतोडे सोसणारी स्वारीबॅग ठेवली, तर तो तिच्याकडे सहानुभूतीने पाहील यापलीकडे अपेक्षा करता येत नाही.

दाजीपूरच्या जंगलात ही बॅग नेण्याचा प्रश्न थोडक्यात निकाली काढता येतो. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले आणि १९८५ मध्ये ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवलेले हे अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. तेथील नर गवा हजार किलोंच्या घरात भरतो आणि तो रस्ता ओलांडत असताना कोणत्या वाहनाला अग्रक्रम, हा वाद आजवर उद्भवलेला नाही. बसून जाण्याचा कमीपणा मानू नये, याला मात्र जिल्ह्याच्या शिकारी परंपरेत एक आधार सापडतो : कोल्हापूर संस्थानात हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि पृथ्वीवरील सर्वांत वेगवान धावणारा हा प्राणी शिकारीच्या माळापर्यंत आपल्या पायांनी न जाता चित्तेवानाशेजारी गाडीत बसून जाई.

मग या तालुक्यात स्वारीबॅगेला जागा नाहीच काय? एक जागा आहे, आणि ती मंगल कार्यालयाची. गुळगुळीत टाइल्सची सलग सपाट फरशी, डोक्यावर छप्पर, भिंतीवर चार्जिंगची सोय आणि प्रेक्षकांचा अखंड पुरवठा, या चारही अटी राधानगरीत एकाच छताखाली तेथेच पूर्ण होतात. मुंबईहून आलेल्या भाच्याने ती बॅग कार्यालयात आणली की प्रथम मुले तिच्यावर बसतील, मग मुलांना उठवून करवली बसेल, आणि नवरदेवाला बोहल्यापर्यंत हिच्यावरूनच न्यावे ही सूचना ‘नाद खुळा’ या एका उद्गाराने बिनविरोध मंजूर होईल. येथपर्यंत यंत्र आपले काम चोख बजावेल. त्यानंतर मात्र मुलीकडच्या व्याह्यांना फेरीसाठी आधी विचारले की मुलाच्या मामांना, हा प्रश्न उपस्थित होईल, मामांची पाळी येताच त्र्याहत्तर वॅट-अवर संपतील, बॅग बोहल्यापासून दहा पावलांवर उभी राहील, आणि मामा खाली उतरणार नाहीत.